बंद झालेली वाळू पुन्हा उघडते कशी

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला खेटून, वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. लांबी सुमारे 65 किलोमीटर, रुंदी सरासरी 8, आणि उंच टेकड्या 300 फुटांपर्यंत. भूगोलाच्या पुस्तकात अल्गोडोनेस ड्यून्स, सरकारी कागदावर इम्पीरियल सँड ड्यून्स, आणि ड्यून बग्गी घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘ग्लॅमिस’. जमीन सरकारी, म्हणजे जनतेची. ती सांभाळते ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, थोडक्यात बीएलएम. नोव्हेंबर 2000 मध्ये यातला सुमारे 49 हजार एकरांचा भाग गाड्यांना बंद झाला आणि त्यातला बराचसा परत उघडायला दशकाहून अधिक काळ गेला. माझं मत आधीच सांगतो: तो उघडला हे योग्य झालं. पण कसा उघडला ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण अशा बंदीविरुद्ध ओरडणारे बहुतेक लोक भलत्याच दारावर धडका देत असतात.

आधी वाळूची रीत समजून घेऊ. ही वाळू मुळात कोलोरॅडो नदीनं आणलेली. इथं पूर्वी काहुइया नावाचं मोठं सरोवर होतं, ते कित्येकदा भरलं आणि आटलं. त्याच्या काठची वाळू वाऱ्यानं पूर्वेकडे लोटली. वारा टेकडीच्या सौम्य चढावर कण ढकलत नेतो, माथ्यावरून ते पलीकडे घरंगळतात, आणि पलीकडची बाजू 32 ते 34 अंशांच्या उतारावर थांबते. त्याहून उभी झाली की आपोआप ढासळते. म्हणजे टेकडी सतत स्वतःला मोडत आणि रचत असते. काल संध्याकाळी उमटलेली चाकाची खूण एका वाऱ्याच्या दिवसानंतर शोधूनही सापडत नाही.

आता याच वाळवंटाची दुसरी जमीन बघा, बारीक खडे एकमेकांत घट्ट बसून पापुद्रा धरलेली. अमेरिकी सैन्याच्या जनरल पॅटननं 1942 मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र उघडलं होतं. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात. तेव्हा गाड्या कुठं तरी पळणारच असतील, तर त्या खुणा मिटवणाऱ्या वाळूत पळाव्यात, खुणा जपणाऱ्या पापुद्र्यावर नव्हे. टेकड्या बंद केल्या म्हणून माणसं घरी बसत नाहीत, ती शेजारच्या जमिनीवर जातात. उघडण्याच्या बाजूचा हा मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आहे, आणि गंमत म्हणजे तो मुळात पर्यावरणाचाच आहे.

मग बंदी का आली? एका रोपामुळे. पिअर्सन्स मिल्कव्हेच हे त्याचं नाव, आपल्या हरभऱ्या-वालाच्याच कुळातलं. अमेरिकेत ते फक्त याच टेकड्यांत वाढतं. जवळून पाहिलं तर पहिल्यांदा वाळकी काडीच वाटते: करडे-रुपेरी देठ, त्यांवर नावालाच बारीक पानं, आणि पाऊस चांगला झाला असेल तर जांभळी फुलं. शेंगा फुगीर, आत हवा भरलेल्या. त्या सुटल्या की वाऱ्यानं वाळूवरून गडगडत जातात आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात अडकतात. बी मिल्कव्हेच गटाच्या मानानं बरंच मोठं, त्यामुळे वाळूखाली बऱ्यापैकी खोल गेलं तरी कोंब वर काढू शकतं. मूळ सरळ खाली, लांबलचक. कोरड्या वर्षी रोप फारसं दिसत नाही, बी वाळूत पडून राहतं. ओल्या हिवाळ्यानंतर मात्र जिकडेतिकडे तेच. टेकडी मोडून पुन्हा होते, पण रुजायच्या ऐन काळात चाकाखाली आलेलं कोवळं रोप पुन्हा होत नाही, एवढं गाडीवाल्यांनीही मान्य करायला हवं.

हे रोप 1998 मध्ये केंद्रीय कायद्याच्या ‘धोक्यात’ असलेल्या यादीत गेलं. एकदा यादीत गेलं की 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याप्रमाणे बीएलएमला त्याच्यावर परिणाम होऊ शकेल अशा कुठल्याही निर्णयाआधी मत्स्य आणि वन्यजीव सेवेचा सल्ला घ्यावाच लागतो. तो इथं रीतसर झाला नव्हता. मार्च 2000 मध्ये सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी, सिएरा क्लब आणि आणखी एक अशा पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली: सल्लामसलत पुरी होईपर्यंत एवढा भाग बंद. इथं बारकाईनं बघा. गाड्यांनी रोप संपवलं असा निकाल कुणी दिलेला नव्हता. कुलूप लागलं ते राहून गेलेल्या कागदी प्रक्रियेमुळे. म्हणून ते प्रक्रियेनंच निघणार होतं, मोर्चानं नाही.

कुलपांचेही प्रकार असतात. महामार्ग 78 च्या उत्तरेचा सुमारे 26 हजार एकरांचा भाग 1994 मध्ये खुद्द अमेरिकी संसदेनं ‘वन्यप्रदेश’ म्हणून राखून ठेवला. तिथं बीएलएमच्या अधिकाऱ्यापुढे कितीही डोकं आपटा, त्याच्या हातात काही नाही. मलाही तो भाग तसाच राहावा असं वाटतं. 49 हजार एकरांचं कुलूप मात्र तात्पुरतं होतं, बीएलएमनं सल्लामसलत करून नवा व्यवस्थापन आराखडा केला की निघणारं. लढायचं तर इथं.

गाडीवाल्यांनी सुरुवातीला मोठा घाव घालायचा प्रयत्न केला. अमेरिकन सँड असोसिएशन ही संघटना याच वादातून पुढे आली. रोप यादीतूनच काढा असा अर्ज तिनं आणि इतरांनी एकदा नव्हे, दोनदा केला. दोन्ही फेटाळले गेले, दुसरा 2008 मध्ये. पण या खटाटोपात एक कामाची गोष्ट घडली: रोपं मोजली जाऊ लागली. संघटनेनं स्वतःच्या खर्चानं पाहणी करवली, बीएलएमनंही वर्षानुवर्षं मोजणी केली. 2005 च्या ओल्या मोसमात संख्या लाखांच्या घरात गेली, पुढच्या कोरड्या वर्षी धाडकन उतरली. त्यावरून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, या रोपाचा जीव प्रामुख्यानं पावसावर आहे. दोन, ते टेकड्यांवर सगळीकडे सारखं पसरलेलं नाही, ठरावीक पट्ट्यांत दाट असतं. वन्यजीव सेवेनं 2004 मध्ये सुमारे 22 हजार एकर ‘अत्यावश्यक अधिवास’ ठरवला होता, तो 2008 मध्ये सुमारे 12 हजारांवर आला.

मोजणी हाती असूनही आराखडा सहजासहजी झाला नाही. 2003 मध्ये बीएलएमनं तयार केलेला आराखडा 2006 मध्ये न्यायालयात टिकला नाही. मग नव्यानं सगळं: मसुदा, त्यावर लोकांच्या सूचना, अंतिम प्रस्ताव, हरकती, राज्याचं मत. मसुदा 2010 मध्ये आला, अंतिम निर्णय जून 2013 मध्ये.

‘लोकांच्या सूचना’ या टप्प्याबद्दल फार गैरसमज आहेत. हे मतदान नव्हे. ‘आम्ही तीन पिढ्या इथं येतो, उघडा’ अशी हजार छापील पत्रं आली तरी कार्यालय त्यांचा एकच गठ्ठा करून एका परिच्छेदात उत्तर देतं. याउलट ‘अमुक नकाशावर बंद पट्ट्याची हद्द या टेकडीच्या माथ्यावरून जाते, माथ्यावर खांब टिकत नाही, ती पायथ्याच्या वाटेवर घ्या’ असं एकच पत्र असलं, तरी त्याची दखल घ्यावीच लागे, कारण तेव्हाच्या नियमांप्रमाणे मुद्देसूद सूचनेला लेखी उत्तर देणं बंधनकारक होतं. ते उत्तर कच्चं निघालं तर पुढे न्यायालयात तेच उपयोगी पडे.

2013 च्या निर्णयात सुमारे 1 लाख 27 हजार एकर गाड्यांना खुले राहिले आणि रोपाचा ठरवलेला सगळा अधिवास बंद. संस्था पुन्हा न्यायालयात गेल्या. 2016 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं आराखडा उचलून धरला. बंद ठेवायचं ते रोप जिथं आहे तिथं, जिथं वाळूच वाळू आहे तिथं नाही. एवढं सरळ उत्तर मिळायला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न मात्र बीएलएमला विचारायलाच हवा.

गाडीवाल्यांची बाजू घेताना गर्दीकडे डोळेझाक करून चालणार नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत इथं लाखभर माणसं उतरतात. 2001 च्या सुट्टीत इतका हिंसाचार झाला की त्यानंतर पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला. अशा एका आठवड्यात विरोधकांना जेवढं बळ मिळतं तेवढं दहा खटल्यांत मिळत नाही. म्हणून नियम पाळणं हा उघडण्याच्या मागणीचाच भाग आहे. प्रत्येक गाडीला जमिनीपासून किमान 8 फूट उंच जाणारी लवचिक काठी आणि तिच्या टोकाशी झेंडा बांधावा लागतो. दोन गाड्या एकाच माथ्यावर समोरासमोर चढत असतील तर एकमेकींचे झेंडेच आधी दिसतात. टायरमधली हवा 10-12 पीएसआयपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरल्या टायरांनी गाडी रुतवून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात तिथं गाडी नेऊच नये हे बरं.

सॅन डिएगो किंवा लॉस एंजेलिसहून जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ धरावा, उन्हाळ्यात ती वाळू जीवघेणी तापते. तिथं जाण्याचा परवाना आधीच काढून ठेवावा आणि बंद पट्ट्याच्या खांबांच्या आत चाक घालू नये. आणि दुसरीकडे कुठं अशी बंदी आलीच, तर पहिल्या दिवसापासून एकच मागणी लावून धरावी: पुन्हा मोजणी कधी होणार याची तारीख बंदीच्या आदेशातच लिहा.