माळ्यावरचे तांबे मोडीत घालू नका



दिवाळीची आवराआवर निघाली की घरोघरी माळ्याला शिडी लागते. वर काय असते? मोडकी पाभर, काच फुटलेला कंदील, उंदरांनी कुरतडलेली पोती आणि कोपऱ्यात काळेठिक्कर पडलेले एखादे तांब्याचे भांडे. ते खाली येते. मोडवाला गल्लीत असतोच. भांडे तराजूत पडते, किलोवर भाव होतो, चार पैसे हाती येतात आणि माळा मोकळा झाला म्हणून घरची बाई हुश्श करते.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या भांड्याविषयी. तराजूत टाकण्यापूर्वी ते पाच मिनिटे उन्हात धरा आणि नीट पाहा, एवढीच विनंती.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्याच घरी घडलेले सांगतो. साल १९७८. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या न्हाणीत पणजीच्या आंदणातले एक तांब्याचे घंगाळ होते. भरले की दोघांनी दोन कड्या धरून उचलावे, एवढे थोरले. त्याची एक कडी निखळली होती. गावात तांबट आला की बसवून घेऊ म्हणून आजीने ती न्हाणीतल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. तांबट काही आला नाही. आली ती स्टीलची भांडीवाली. आईने घंगाळ देऊन पाच डबे आणि एक पातेले घेतले. मी आईला बोल लावत नाही. दहा माणसांचे रांधून, रानातले काम करून वर रोज चिंच लावून ते धूड घासायचे कोणी? डबे हलके होते, चकचकीत होते आणि नुसत्या पाण्याने स्वच्छ होत होते.

भांडीवालीने घंगाळ उपडे केले, तेव्हा बुडाजवळ बारीक टिंबांनी घातलेली अक्षरे दिसली. आई म्हणाली, "वाच रे काय आहे ते." मी वाचले. पणजीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि शके. घटकाभर कोणी बोलले नाही. पण सौदा ठरला होता, डबे घरात गेले होते.

पुढे कळत्या वयात ध्यानात आले की, पणजीचे नाव लिहिलेली आमच्या घरात ती एकच वस्तू होती. तिचा फोटो नाही, सही नाही, सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागलेच नाही. होते ते त्या घंगाळावर, आणि ते आम्ही वजनावर दिले. खुंटीवरची कडी तेवढी राहिली. माझ्या संग्रहातली ती पहिली वस्तू.

तांबटाचा हात

तांब्याचे भांडे हाताने घडवायचे म्हणजे काय असते, हे नव्या पिढीला सांगावेच लागेल. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. त्वष्टा कासार समाजाची ही मंडळी पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात येऊन वसली. एके काळी या आळीत शिरण्याआधीच हातोड्यांचा नाद कानी येई. आज हे काम हाताने करणारी घरे थोडीच उरली आहेत.

तांब्याचा एक गुण आहे. ते ठोकत गेले की कडक होत जाते. फारच ठोकले तर तडकते. म्हणून कारागीर ते भट्टीत लालसर होईतो तापवतो. मग ते पुन्हा मऊ पडते आणि पुन्हा ठोकता येते. एका हंड्यासाठी हे तापवणे-ठोकणे कित्येक वेळा करावे लागते. आकार आला की शेवटचा हात मठारकामाचा. लोखंडी आधारावर भांडे फिरवत, जवळजवळ नेमके ठोके घालत कारागीर सगळे अंग मठारून काढतो. त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते, हे तर खरेच. पण मुख्य म्हणजे पत्रा घट्ट होतो, भांडे चेपत नाही. नक्षी वाटते ती खरी मजबुती आहे. आपल्याकडे आजीचा हंडा विहिरीच्या काठावर पन्नास वर्षे आदळला तरी टिकला, त्याचे इंगित हे.

हातचे काम कसे ओळखावे?

भांडे हातात घ्या आणि पुढील गोष्टी एकेक करून पाहा.

पहिली गोष्ट, ठोक्यांच्या खुणा. हातचे ठोके ओळीने भांड्याभोवती फिरतात, पण एकासारखा दुसरा नसतो; कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. यंत्राने उठवलेले खळगे सगळे एका मापाचे, एका अंतरावर असतात.

दुसरी गोष्ट, सांधा. जुने मोठे भांडे बहुधा दोन-तीन तुकडे जोडून केलेले असते. बुडाशी किंवा पोटावर पाहा. करवतीच्या दातांसारखी, एकमेकांत गुंतलेली पिवळसर रेघ दिसली तर ती पितळी झाळ समजा. टाकणखार लावून, तापवून दिलेला तो सांधा आहे. ही रेघ म्हणजे भांड्याचा दोष नव्हे, ती कारागिराची साक्ष आहे.

तिसरी गोष्ट, काठ आणि कान. काठ आत तार घालून वळवलेला आहे का? कड्यांचे कान रिबिटांनी ठोकून बसवलेले आहेत का? रिबिटांची डोकी थोडी वेडीवाकडी असतील, तर चांगलेच.

चौथी गोष्ट, झीज. खरे जुने भांडे जिथे हात लागतो तिथे झिजते. कळशीची मान, तांब्याचा काठ, घंगाळाची कडी. बाजारात नवे भांडे औषधाने काळे करून जुने म्हणून विकणारे असतात. त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, खाचेतही तेवढाच आणि उंचवट्यावरही तेवढाच. खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवा. तांब्याला ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंडी पत्रा आणि वर नुसता मुलामा आहे असे समजावे.

आणि पाचवी गोष्ट, नाव. आंदणाच्या भांड्यावर देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा शके घातलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शके १८२० म्हणजे इसवी सन १८९८. पौषानंतरची तिथी असेल तर ७९ मिळवावेत. मुलांना हा हिशेब करायला लावा. त्यांना त्यात मौज वाटते.

संग्रह म्हणजे पैशाचा खेळ नव्हे

संग्रह म्हटले की मोठ्या शहरातला बंगला आणि काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. तसे काही नाही. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते उभे करणारे दिनकर केळकर चष्म्याचा व्यवसाय करीत आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली आपला ठेवा राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. घराघरांतून टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूंनीच ते संग्रहालय भरले.

आपण एवढे मोठे काम करायला नको. सुरुवात आपल्या माळ्यापासून करावी. हंडा, कळशी, घागर, तपेले, परात, बंब, ताम्हण, पळी-पंचपात्र, जे असेल ते खाली काढा. विदर्भात गुंड असेल, कोकणात आणि गोव्याकडे न्हाणीच्या चुलीवरचे भाण असेल. मग एक वही करा. प्रत्येक भांड्याला एक पान. ते कोणाचे, कोणत्या लग्नात आले, कशासाठी वापरत, कोणत्या गावाच्या बाजारातून घेतले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. हे काम आजच करा. भांडे आणखी शंभर वर्षे टिकेल, सांगणारे माणूस टिकणार नाही.

पुढे हौस वाढली तर आठवडे बाजारात मोडवाल्याच्या ढिगाकडे नजर ठेवावी. मोडीच्या भावावर थोडे चढवून दिले की तो आनंदाने भांडे बाजूला काढतो. एक पथ्य मात्र पाळा. एखाद्या गरजू म्हातारीकडून जुने भांडे घेताना, ते जुने आहे, त्यावर नाव आहे, हे तिला आधी सांगा आणि मग भाव करा. तिने विचार बदलला तर हसत परत फिरा. फसवून आणलेल्या भांड्याची गोष्ट वहीत लिहिता येत नाही.

घासताना जपा

जुने भांडे हाती आले की पहिला मोह होतो तो चिंच, मीठ घेऊन लखलखीत करण्याचा. थोडा दम धरा. आधी कोमट पाण्यात रिठा किंवा साधा साबण घालून मऊ फडक्याने धुवा आणि उन्हात कोरडे करा. काळसर-तपकिरी रंग हा तांब्याचा स्वतःचा रंग आहे, त्याने भांडे बिघडत नाही. हिरवा जंगाल मात्र काढायला हवा, कारण तो विषारी असतो. तेवढ्या जागी लिंबू लावून लगेच स्वच्छ धुवावे. वीट, वाळू, तारेची घासणी किंवा दुकानातले तेजाब अजिबात लावू नये. नावाची टिंबे खोल नसतात. दोन वेळच्या घासण्याने ती कायमची जातात.

वापराचे म्हणाल तर पाण्याचा हंडा जरूर वापरात ठेवा. पण कल्हई नसलेल्या तांब्यात ताक, दही, चिंचेची आमटी, लोणचे ठेवू नका. पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवतो ते तुम्ही पाहिले असेल. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. ठेवताना भांडे पूर्ण कोरडे करून, उपडे, जमिनीपासून उंच ठेवा. खताच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नको.

नांगराला लागले तर?

आपण मातीत काम करणारी माणसे. विहीर खणताना, बांध घालताना कधी जुने भांडे, नाणी निघतात. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद गावी, झुडपाची मुळे खणणाऱ्या एका शेतकऱ्याला चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. सगळ्या मुख्यतः तांब्याच्या, भरीव ओतलेल्या, मिळून साठ किलोंहून जड. त्या सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. आज जगभरचे अभ्यासक दायमाबादचे नाव घेतात ते याच चार वस्तूंमुळे. मोडीच्या तराजूत गेल्या असत्या तर ते साठ किलो तांबे ठरले असते, दुसरे काही नाही.

म्हणून कायदाही ध्यानात असू द्या. जमिनीत पुरलेला जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तलाठ्याला, तहसीलदाराला लेखी वर्दी द्यावी. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी धाडायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी शहरी पाहुणा मोठी रक्कम दाखवून तसे सुचवू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आमच्या घरी आज नऊ भांडी आणि एक कडी आहे. गेल्या वर्षी सुनेने विचारले, "मामंजी, या एकट्या कडीचे पान कसे लिहायचे?" मी पणजीचे नाव सांगितले, तिच्या वडिलांचे सांगितले. शके मात्र मला आठवेना. सातवीत वाचला होता, तेव्हा लिहून ठेवायचे सुचले नाही. त्या पानावर तेवढी जागा कोरी आहे.

तुमच्या वहीत अशी जागा कोरी राहू नये. येत्या रविवारी माळ्याला शिडी लावा, आणि वर जाताना कागद-पेन्सिल घेऊन जा.