सोडलाय की!

‘‘बाई, हात सोडा.’’

‘‘अगं, सोडलाय की!’’

मी माझा हात त्यांच्या मनगटाखालून हळूच काढून घेतला. त्यांचा हात मात्र होता तिथेच राहिला. गादीपासून वीतभर वर, अधांतरी. डोळे मिटून पडलेल्या बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपण हात सोडला आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मालिशच्या कामात मला बावीस वर्षं झाली. हा संवाद किती जणींशी झाला, याची मोजदाद नाही. पण या बाई लक्षात राहिल्या, कारण त्यांच्या बाबतीत मी आधी चुकले होते.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मान आणि उजवा खांदा धरला म्हणून आल्या. डॉक्टरांनी तपासून, काही काळजीचं नाही असं सांगितलं होतं. खांदा दगडासारखा लागला. मी जोर लावला, अंगठे रुतवले. बाई दात आवळून सोसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं आणि पंधरा दिवस त्या फिरकल्या नाहीत. जो खांदा आधीच स्वतःला जपत होता, त्याच्याशी मी कुस्ती केली होती.

माझ्या सासूबाई बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायला जात. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या म्हणत, ‘‘झोपलेल्या बाळाचा हात उचलून बघ, म्हणजे सैल कशाला म्हणतात ते कळेल.’’ खरंच, गाढ झोपलेल्या तान्ह्याचा हात उचलून सोडला, की तो भरल्या पिशवीसारखा खाली येतो. आपण मोठी माणसं तेवढं जडपण कुठे हरवतो कोण जाणे!

याचं कारण तसं साधं आहे. स्नायूंची लांबी आणि त्यांच्यावरचा ताण मेंदूला कळवणारी इवली इवली ज्ञानेंद्रियं स्नायूंत आणि कंडऱ्यांत असतात. पण तीच बातमी रात्रंदिवस येत राहिली, की आपलं तिच्याकडे लक्ष जाईनासं होतं. बोटातली अंगठी सकाळी घातल्यावर क्षणभर जाणवते, मग दिवसभर तिची आठवणही राहत नाही. आवळलेल्या खांद्याचं तसंच होतं. आपल्याला जाणवतं ते दुखणं, पण आवळणं जाणवत नाही. आणि जे आवळलेलं कळतच नाही, ते सोडणार कसं?

अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हे त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं. आधी स्नायू मुद्दाम आवळा, ती भावना नीट ओळखा आणि मग सोडा, ही त्यांची रीत. आपल्याकडे हठप्रदीपिकेत शवासन आहेच. थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हणून त्याचं वर्णन आहे. मात्र शवासनात पडून कपाळाला आठ्या घालणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. खांद्यावर नुसता तळहात ठेवला आणि म्हटलं, ‘‘बाई, खांदा कानाकडे न्या. अजून थोडा. आता मोजा पाच.’’ मग श्वास सोडता सोडता खांदा सावकाश, जिना उतरावा तसा खाली आणायला सांगितलं. असं तीनदा केलं. मग फक्त उजव्या बाजूला हलक्या हातानं मालिश केली आणि विचारलं, ‘‘दोन्ही खांदे सारखे वाटतात का?’’ बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘डावा वर आहे गं. आत्ता कळलं.’’

‘सैल सोडा’ असं मी आता सहसा म्हणत नाही. ते हुकूमासारखं ऐकू येतं आणि हुकूम झाला, की अंग कामाला लागतं. त्याऐवजी विचारते, ‘माझा हात कुठे आहे? तुमच्या हाताचं वजन किती वाटतंय?’ लक्ष तिथे गेलं, की पुष्कळदा अर्धं काम आपोआप होतं.

चौथ्या खेपेला बाईच म्हणाल्या, ‘‘मला सापडलं. रात्री पडले, की खांदा वर जातो.’’ यजमान तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. शेजारच्या खोलीतून त्यांनी हाक मारली, तर ऐकू यावी म्हणून बाई निम्म्या उठलेल्याच झोपत. यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. ‘‘मला वाटलं, मी आता मोकळी झाले. खांद्याला कुणी सांगितलंच नाही बघ.’’

मी काही बोलले नाही. मालिश करणारणीनं कारणं सांगत बसू नये. ती ज्याची त्याला सापडली, तरच त्यांचा उपयोग असतो.

हे घरीही करून पाहता येतं. हा लेख वाचताना तुमचे दात एकमेकांवर टेकले आहेत का? ओठ मिटलेले असले, तरी दातांत थोडी फट राहायला हवी. जीभ टाळूला दाबून धरली आहे का? स्कूटर चालवताना, पोळ्या लाटताना, फोन कानाशी असताना खांदे कुठे असतात? दिवसातून चार वेळा नुसतं विचारा. दुरुस्त करायची घाई नको. मात्र सगळंच दुखणं ताणाचं नसतं. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. छातीतून खांद्यात कळ येत असेल, तर क्षणाचाही वेळ दवडू नये. तिथे मालिश नको.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी बाईंचा हात पुन्हा उचलला. काही न बोलता माझा हात काढून घेतला. त्यांचा हात धप्पकन गादीवर पडला. बाईंनी दचकून डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि हसल्या.

‘‘एवढा जड होता होय हा?’’