जुन्या संगणकाचे बलाबल आणि लिनक्सची योजना

आपल्या व्यवसायबंधूंपैकी बहुतेकांच्या घरी एखादा तरी जुना संगणक असतोच. प्रथम तो चिकित्सालयात येतो, तेथे आठ-दहा वर्षे रुग्णनोंदी व पत्रव्यवहार सांभाळतो, नवा आला की मुलांच्या अभ्यासासाठी घरी जातो आणि शेवटी कापडाखाली झाकून ठेवला जातो. समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेल्या आमच्या जांब समर्थ येथे व घनसावंगी तालुक्याच्या परिसरात असे संगणक आम्ही नित्य पाहतो. यंत्र चालू असते, केवळ ‘फार स्लो झाले’ म्हणून निवृत्त केलेले असते. आमच्या मते अशा बहुसंख्य यंत्रांची व्याधी क्षयाची नसून अजीर्णाची आहे. पचेल त्याहून जड आहार त्यांना दिला गेलेला आहे.

हा विषय आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आवश्यक असल्याने त्याहून जुन्या यंत्रांस अधिकृत मार्ग उरत नाही. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, हे खरे. परंतु नव्याने सापडणारी छिद्रे बुजविली जात नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे काम ठप्प केले. ते छिद्र बुजविणारी सुधारणा दोनच महिन्यांपूर्वी उपलब्ध झाली होती. ती न केलेली यंत्रे प्रामुख्याने बळी पडली. आपल्या संगणकात रुग्णाचे नाव, पत्ता, वय आणि त्याने विश्वासाने सांगितलेली व्याधी असते. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने स्वतंत्र कायदाही केला आहे. ज्या यंत्रात अशा नोंदी आहेत ते उघड्या दारासारखे ठेवणे वैद्यास शोभत नाही.

यावर एक विनामूल्य उपाय लिनक्स हा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्यास जोडली गेली. डेबियन, उबुंटू, मिंट अशी अनेक नावे ऐकून नवशिका गोंधळतो. परंतु द्रव्य एकच आणि स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट या कल्पना निराळ्या, असे समजल्यास उलगडा होतो. गाभा तोच, वर चढविलेला साज वेगळा. अशा प्रत्येक कल्पास वितरण म्हणतात. आपल्याकडे सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ हे वितरण दिले असून केरळच्या शाळांतून मुक्त प्रणालीवरच मुले संगणक शिकतात. महाराष्ट्रात आपण बहुतेक जण एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोजच शिकलो, म्हणून लिनक्स अवघड वाटते, इतकेच.

आता निवडीकडे वळू. रोग्याचे बल पाहिल्यावाचून शोधन देऊ नये हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. येथेही तोच क्रम आहे. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, रॅम किती आणि हार्ड डिस्क कोणत्या स्थितीत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओपासून पुढचे इंटेलचे बहुतेक घरगुती प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. अशा यंत्रात ४ जीबी रॅम असल्यास नवशिक्यांनी अन्य काही न शोधता लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्यावी. तिचा पडदा विंडोजशी मिळताजुळता आहे आणि २०२४ साली आलेल्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. रॅम २ जीबी असल्यास लुबुंटू पाहावे. त्याहून क्षीण, विशेषतः ३२ बिटच्या यंत्रांसाठी अँटीएक्स किंवा पपी यांसारखी मोजकी हलकी वितरणे उरतात. डेबियननेदेखील ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या संगणकावर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून घेतली आहे. १ जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्स चालते, परंतु आजची संकेतस्थळे चालत नाहीत, असा अनुभव येतो. अशा यंत्राकडून टंकलेखन व वाचन यांपलीकडे अपेक्षा ठेवू नये.

रसायन द्यावयाचे असल्यास पैसे दोनच ठिकाणी खर्चावेत. एक, रॅम ४ जीबीपर्यंत वाढवावी. दोन, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. दुसऱ्या उपायाचा गुण इतका शीघ्र येतो की यंत्र बदलले की काय असे वाटते. यासोबत मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल अवश्य बदलावा. तो संपला की यंत्राचा दिनांक अनेक वर्षे मागे जातो, सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात आणि दोष बिचाऱ्या लिनक्सच्या माथी येतो. (पंख्यातील धूळही काढावी; आमच्या भागात कापसाच्या हंगामानंतर ती काय असते ते स्थानिक वाचक जाणतातच.)

सर्वाधिक काळ पूर्वकर्मास द्यावा. आमच्या परिचयातील एका औषधालय-चालकांनी संगणक दुरुस्तीस दिला. ‘फॉरमॅट मारून देतो’ असे शब्द कानावर पडले, त्यांनी मान डोलावली आणि अकरा वर्षांच्या रुग्णनोंदी गेल्या. त्यांत पंचकर्माच्या रुग्णांचे प्रतिवर्षीचे वृत्तान्त होते, जे कागदावर कोठेच नव्हते. म्हणून सर्व नोंदी, छायाचित्रे व हिशेब दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून घ्यावेत, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. ‘कॉपी झाली’ एवढ्यावर विसंबू नये.

मराठी लिहिणाऱ्यांस येथे एक वेगळा धोका आहे, ज्याचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची आपली कागदपत्रे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकित आहेत. त्यांत साठविलेली अक्षरे वस्तुतः रोमन लिपीची असून फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नाही तेथे ‘अश्वगंधारिष्ट’ ऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसते. यास्तव जुनी प्रणाली चालू असतानाच महत्त्वाच्या प्रत्येक लेखाची पीडीएफ प्रत करून ठेवावी आणि विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ हा संपूर्ण फोल्डर प्रतीत घ्यावा. ते फॉन्ट लिनक्समध्ये बसविल्यास लिबरऑफिसमधून बहुतांश जुने लेख वाचता येतात. मांडणी थोडी हलते. सवडीने ते युनिकोडमध्ये परिवर्तित करावेत, आणि नवे सर्व लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध असतो, तो केवळ निवडावा लागतो.

त्यानंतर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवावी; गावातील जोडणी मंद असल्यास हे काम रात्री लावावे किंवा तालुक्याच्या गावी उरकावे. ‘रूफस’ हे छोटे साधन ती फाइल पेन ड्राइव्हवर चढविते. त्या वेळी पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, हे लक्षात असावे. संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की हार्ड डिस्कला स्पर्शही न करता लिनक्स सुरू होते. ही सोय नवशिक्यासाठी फार मोलाची आहे. दोन-तीन दिवस असेच वापरून ध्वनी, वाय-फाय, कॅमेरा आणि विशेषतः प्रिंटर तपासावा. आपल्याकडे घरोघरी आढळणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० यास एक अतिरिक्त पूरक फाइल उतरवावी लागते, तर कॅनन एलबीपी २९०० नव्या वितरणांवर चालविणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे ठरू शकते. प्रिंटर चालत नाही असे दिसल्यास तेथेच थांबावे. काहीही बिघडलेले नसते.

प्रत्यक्ष स्थापनेस अर्धा-पाऊण तास लागतो. संपूर्ण डिस्क पुसावी की विंडोजच्या शेजारी जागा करावी, हा त्यातील एकच गंभीर प्रश्न आहे. प्रती तपासून झाल्या असतील तर जुन्या यंत्रावर पहिला पर्याय सोपा आहे. भारनियमनाची वेळ टाळावी, इन्व्हर्टर चालू असल्याची खात्री करावी. डिस्कची विभागणी होत असताना वीज जाणे इष्ट नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, तो विसरल्यास नव्या कार्यक्रमांची स्थापना अडते.

हा कल्प सर्वांस पथ्यकर आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. ज्या औषधालयाचे बिलिंग टॅलीवर किंवा केवळ विंडोजसाठी लिहिलेल्या अन्य कार्यक्रमावर चालते, त्यांनी तो संगणक मुळीच बदलू नये. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमधून उघडते आणि एकल मालकीच्या दुकानांस मोबाइलवरील सांकेतिक अंकांनी विवरणपत्र भरता येते. परंतु कंपनी म्हणून नोंदलेल्यांस डिजिटल स्वाक्षरी लागते व तिचे टोकन लिनक्सवर चालविणे खटपटीचे आहे. घरचा, वाचनाचा, टंकलेखनाचा, मुलांचा संगणक आधी घ्यावा. महिनाभर तो हाताखाली गेल्यावर चिकित्सालयाचा विचार करावा.

पश्चात्कर्म अल्प आहे. आठवड्यातून एकदा सुधारणा करून घ्याव्यात, रुग्णनोंदींची प्रत बाहेर ठेवण्याचा वार ठरवावा. एसएसडी बसविताना काढलेली जुनी हार्ड डिस्क मात्र लगेच पुसू नये व भंगारात देऊ नये. तीवर दिनांक लिहून चालू वर्षाचे हिशेब पूर्ण होईपर्यंत कपाटात ठेवावी, आणि नंतर टाकावयाची झाल्यास तीतील नोंदी नष्ट करूनच टाकावी.