दुबार पेरणीचा विचार

जून लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन पेरण्या सुरू होतात. एक शेतात, कपाशीची. दुसरी घरात, मुलाच्या भवितव्याची. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीला बियाणे कुठून आणायचे, याची चिंता शेतकऱ्याच्या मनात आधीपासून असते. घरातल्या पेरणीत मात्र 'दुबार' हा शब्द उच्चारणेही अशुभ समजतात.

बँकेत कर्ज देताना आम्ही दोन प्रश्न विचारीत असू. परतफेड कशातून होणार? आणि तिथून झाली नाही तर कशातून? किराणा दुकानदाराकडे दोन्हींची उत्तरे असत. शैक्षणिक कर्जासाठी आलेला बाप एवढेच म्हणे, ''नोकरी लागनच ना साहेब!'' या कर्जाच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्तेही शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. परंतु व्याजाची आकारणी पैसे उचलल्यापासूनच होते, आणि कागदावर बापाचीही सही असते.

स्पर्धा परीक्षांचेही तसेच. राज्य सरकारने 2016 मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा 33 वरून 38 केली, मागासवर्गीयांची 43. अनेकांना त्याने दिलासा मिळाला, हे खरेच. पण ही मुदत परीक्षेची आहे, घराची नव्हे. यवतमाळ-पुसदच्या अभ्यासिकांतून पुण्याच्या खोलीत गेलेला मुलगा तिशीला पोहोचतो, तेव्हा गावी बापाचे हात थकलेले असतात. जागा काही शेकडा, अर्ज लाखांनी. मागे राहणारे सगळे नालायक नसतात. त्यांना थांबायचे कधी, हे कोणी सांगितलेले नसते.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्याबाबतीत दुसरी वाट कोणती, असे विचारले की घरातून एकच उत्तर येते : लग्न. त्याला नियोजन म्हणत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे हलकी वाट नव्हे. जिल्ह्यात वणीच्या कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, जिनिंग-प्रेसिंग तर ठिकठिकाणी आहेत. तिथली यंत्रे चालवायला, दुरुस्त करायला फिटर लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो. आयटीआयचे एक-दोन वर्षांचे शिक्षण पदवीच्या आड येत नाही. हाती कसब असलेला मुलगा परीक्षेलाही निर्धास्त मनाने बसतो.

पालकांनो, एखाद्या रविवारी मुलाला, मुलीला शेजारी बसवा. कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहा : काय व्हायचे आहे, त्यासाठी किती वर्षे आणि किती पैसे देता येतील, आणि नाही जमले तर काय. तिसरी ओळ मुलालाच लिहू द्या. ती लिहिताना त्याचा हात थोडा अडखळेल. अडखळू द्या. तीन वर्षांनी ती ओळ वाचण्याची वेळ आली, तर त्याला आपण हरलो असे वाटणार नाही. ठरल्याप्रमाणे पुढे निघालो, असे वाटेल.