कर्जत-खालापूर परिसरातील सर्पगरुड : जीवनक्रम व संरक्षण

गरुडांच्या संरक्षणाचा विचार निघाला की अभ्यासकांसमोर प्रथम उभे राहते ते अमेरिकेतील श्वेतशीर्ष गरुडाचे उदाहरण. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवणीतच फुटू लागली. 1963 साली अलास्का वगळता त्या देशात या पक्ष्याच्या जेमतेम 400 जोड्या उरल्या होत्या. 1972 साली डीडीटीच्या वापरावर बंदी आली आणि 2007 साली हा पक्षी संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळला गेला. तेथे शत्रू एक होता व तो ओळखताही आला. आपल्याकडील सर्पगरुडाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तो विषाचा नसून मुख्यतः वृक्षाचा आहे.

सर्पगरुड (स्पिलॉर्निस चीला) हा माथेरानच्या उतारांवर, तसेच भीमाशंकरच्या पायथ्याच्या रानांत आढळणारा मध्यम आकाराचा गरुड होय. शास्त्रीय नावातील ‘चीला’ हे पद हिंदीतील ‘चील’ या शब्दावरून आले आहे. डोक्यावर काळा-पांढरा तुरा, डोळ्यांपासून चोचीपर्यंत पिवळी उघडी त्वचा आणि पंखांच्या व शेपटीच्या खालच्या बाजूस रुंद पांढरा पट्टा, या त्याच्या ठळक खुणा. सकाळी ऊन तापू लागले की तो घिरट्या घालीत वर चढतो. त्या वेळी त्याची तीव्र शीळ दूरवर ऐकू येते. साप, सरडे व बेडूक हे त्याचे भक्ष्य. पायांवरील जाड, षट्कोनी खवले सर्पदंशापासून त्याचे काही अंशी रक्षण करतात.

विशेष लक्ष देण्याजोगा आहे तो त्याचा वीणक्रम. हिवाळ्याच्या अखेरीस नर-मादी मिळून उंच झाडावर काटक्यांचे घरटे रचतात. त्यासाठी ओढ्याकाठचे वृक्ष अधिक पसंत केले जातात. अंडे बहुधा एकच असते. ते मादी एकटी उबविते. सुमारे 41 दिवसांनी पिल्लू बाहेर येते व पुढे दोन महिन्यांनी उडू लागते. म्हणजेच मार्चच्या आरंभी घातलेल्या अंड्यातील पिल्लू पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरट्यातच अडकलेले असते. वणवे व वृक्षतोड यांचाही काळ नेमका हाच. या शंभर दिवसांत घरट्याचे झाड पडले, तर त्या जोडीची ती वीण व्यर्थ जाते.

माथेरान व सभोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटर प्रदेश 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांचा काही भाग त्यात मोडतो. तेथे पूर्वपरवानगीवाचून वृक्षतोड करता येत नाही. भीमाशंकर अभयारण्याची स्थापना 1985 सालची. तथापि उल्हास व पाताळगंगा यांना मिळणारे अनेक ओढे या सीमांबाहेर, खाजगी जमिनींतून वाहतात. तेथील आंबा, जांभूळ, अर्जुन यांसारखे जुने वृक्ष बंगले व फार्महाउसे यांच्या आखणीत सहज नाहीसे होतात.

जागतिक दृष्ट्या ही जाती आज संकटग्रस्त गणली जात नाही, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये तिला संरक्षणही आहे. परंतु पक्ष्याला मारण्यास बंदी करणे आणि त्याच्या घरट्याचे झाड राखणे या भिन्न गोष्टी आहेत. ओढ्याकाठच्या उंच वृक्षांची गावनिहाय नोंद करणे व जानेवारी ते जून या काळात त्यांना हात न लावणे, हा उपाय अल्पखर्चाचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यास याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल.