वहिनी, हा निरोप आला कुठून?

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत दुपारी दोन ते चार ही वेळ मोठी सुस्त. पुरुषमंडळी कामावर, मुले शाळेत आणि उरलेली जनता वामकुक्षीत. अशाच एका दुपारी खाली फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. गॅलरीतून वाकून पाहिले, तो चाळीतल्या चार-पाच पोरांनी एका बाईला घेरलेले. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचे बोचके. बोहारीण!

"बोचक्यात काय आहे? आधार कार्ड दाखव!" पोरे दरडावीत होती. एकाने तर मोबाईल तिच्या तोंडापुढे धरून चित्रण चालविले होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तरातरा खाली उतरल्या नसत्या, तर प्रकरण कुठवर गेले असते कोण जाणे. "अरे मेल्या, तुझ्या आईच्या डोहाळजेवणाची परात हिच्याकडूनच घेतलीय मी!" काकू कडाडल्या. पोरे वरमली. पण त्या बाईचे हात थरथरत होते, ते काही लवकर थांबले नाहीत.

या साऱ्याचे मूळ सकाळी आलेल्या एका निरोपात होते. चाळीच्या व्हॉट्सॲप गटावर तो आमच्या घरातूनच, म्हणजे वहिनींच्या मोबाईलवरून गेला होता. 'सावधान! मुले पळवणारी टोळी गिरगाव-दादर भागात शिरली आहे. भांडीवाल्या, भिकारी, साधू यांच्या वेषात फिरत आहेत. पोलिसांची सूचना. मुलांवर प्रेम असेल तर सर्वांना पाठवा.'

"वहिनी, हा निरोप आला कुठून?" आम्ही विचारले.

"माझ्या दादरच्या बहिणीकडून. ती काय खोटं बोलेल?"

ती खोटे बोलत नव्हतीच. तिला तो परळच्या एका मैत्रिणीने पाठविला होता. मैत्रिणीला फोन केला, तर तिने लालबागच्या भाच्याकडे बोट दाखविले. भाचा म्हणाला, "मला तर तुमच्या गिरगावातूनच आला!" सारी मंडळी प्रामाणिक, पण टोळी प्रत्यक्ष पाहिलेला, किंवा ज्याचे मूल हरवले असा माणूस त्या साखळीत एकही नाही.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी निरोप वाचला आणि एकच प्रश्न केला, "यावर तारीख कुठाय?" खरेच की! तारीख नाही, ठाण्याचे नाव नाही, कुठल्या गल्लीत काय घडले त्याचा पत्ता नाही. अशी कोणतीही सूचना काढलेली नाही, हा खुलासा तिथे पाच मिनिटांत झाला. फणसवाडीपासून ठाणे ते किती लांब! पण सकाळपासून तेवढे चालण्याचे कष्ट आमच्यासकट कुणी घेतले नव्हते.

घरी आल्यावर वहिनींना सांगितले. त्यांचे उत्तर मात्र विचार करण्यासारखे होते. "भावोजी, खोटा निघाला तर निघाला. पण खरा असता तर? आईच्या जिवाला धोका पत्करवत नाही."

या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जावे लागते. साक्री तालुक्यातले हे गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे उतरले होते. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळविणाऱ्या टोळीचे निरोप त्या मुलखात आधीपासून फिरत होते. यांच्यावर संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारण्यात आले. त्याच दिवशी मालेगावातही असाच जमाव एका कुटुंबाभोवती जमला होता. बरोबर लहान मूल होते, तेच संशयाला कारण! पण तिथे काही रहिवाशांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस वेळेवर पोहोचले आणि पाचही जीव वाचले.

त्या सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे पोर उचलून पसार होतात. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे! मूळ फीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवितात. तेवढाच शेवट कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण छापायला सुरुवात केली. आज दुहेरी बाण दिसला, की तो निरोप पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे असे समजावे. वहिनींच्या निरोपावर दुहेरी बाण होता. आम्ही दाखवीपर्यंत त्यांना वाटे, ती काहीतरी नक्षी आहे.

सगळेच निरोप असे निखालस खोटे असतात असेही नाही. डिसेंबर 2019 मध्ये रात्री एकट्या बाईला पोलीस मोफत घरी पोहोचवतील, असा एक निरोप क्रमांकांसह देशभर गेला. योजना खरी होती. पण ती लुधियानाच्या पोलिसांची. अपरात्री चर्नी रोडला उतरलेल्या मुलीने त्या भरवशावर पंजाबातला फोन लावला असता, तर उपयोग काय? आपल्याकडे संकटात 112 लावावा. तो खरा आहे.

आणि एटीएमचा पिन उलटा दाबला की पोलीस धावून येतात, हे ऐकलेत ना? आमच्या पुतणीने ते क्षणात निकालात काढले. "काका, ज्याचा पिन 1221 आहे त्याने काय करायचं?" अशी सोय बँकांनी केलेलीच नाही. पण संकटात सापडलेला माणूस पिन उलटा दाबून मदतीची वाट बघत बसला, तर?

वहिनींनी दुसऱ्या दिवशी गटावर लिहिले, 'कालचा निरोप खोटा होता. मी ठाण्यातून खात्री करून घेतली.' (खात्री आम्ही केली होती, असो.) पहिल्या निरोपाला चाळीस अंगठे आले होते. या खुलाशाला तीन. त्यातला एक आमचा.

दिवाळीच्या आधी साफसफाईत दोन जुन्या पैठण्या निघाल्या. वहिनींनी बोहारणीला मुद्दाम निरोप धाडला. ती आली, पण खालीच, फाटकाबाहेर पाटी टेकवून उभी राहिली. वर या म्हटले तर म्हणाली, "नको ताई, तुम्हीच खाली या." तिसऱ्या मजल्यावरून वहिनी पैठण्या घेऊन खाली उतरल्या. स्टीलचा मोठा डबा घेतला, आणि तिने मागितली त्याहून एक साडी जास्तच दिली.