घाटातला क्लच

कसारा घाट चढून इगतपुरीत शिरणाऱ्या एखाद्या पिकअपमागून करपल्यासारखा वास येतो. तो क्लच प्लेटच्या अस्तराचा. पाटे वाढवलेले, फाळके उंच केलेले आणि टायर मोठे टाकलेले असतात. क्लच मात्र कंपनीचा मूळचाच.

टायरचा व्यास १० टक्के वाढला, तर त्याच आरपीएमवर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला १० टक्के जास्त वेग गाठावा लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सपाटीवरसुद्धा प्लेटवर सुमारे २१ टक्के जास्त उष्णता. चढावर, भरल्या गाडीत, हाफ क्लचवर उभं राहिलात तर विचारूच नका.

मग नवा क्लच कोणता? मोठ्या व्यासाची प्लेट आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट, अस्तर साधं ऑरगॅनिक, ही माझी पसंती. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णता जास्त सोसते, पण झटक्याने धरते. घाटातल्या कोंडीत इंच-इंच सरकताना गाडी हिसके देते आणि गिअरबॉक्सही मार खातो.

हलक्या फ्लायव्हीलचा मोह तर टाळाच. इंजिन झटकन फिरतं खरं, पण चढावर गाडी उचलताना कामी येते ती जड चाकात साठलेली ऊर्जा. शिवाय जास्त धातू जास्त उष्णता पचवतो. जुनं फ्लायव्हील उतरवल्यावर बोट फिरवून पाहा: निळसर डाग, केसासारख्या भेगा. डाग वरवरचे असतील तर मशीनिंगने जातात. भेग खोल असेल तर नवंच घ्या. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे, तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदला. तेलाचा एक ओघळ नवी प्लेट वाया घालवतो.